बांधापलीकडचं पाणी

वडिलांचं तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांचे मित्र सर हातात आरी घेऊन आमच्या बागेत आले आणि आमच्या विहिरीवरून बांध ओलांडून त्यांच्या बागेत जाणारा पाइप त्यांनी स्वतःच्या हातानं कापला. कापलेल्या टोकाला बूच बसवलं, उकरलेली माती सारखी केली आणि घरी येऊन आईला तसं सांगून गेले.

दुपारपर्यंत गावात बातमी झाली, की दोन जिवलग मित्रांपैकी एक गेला आणि दुसऱ्यानं लगेच संबंध तोडले. त्या पाइपातून पाणी सरांनाच मिळत होतं, म्हणजे त्यांनी स्वतःचंच पाणी तोडलं होतं, हे लोकांच्या लक्षात यायला बरेच दिवस लागले. लक्षात आल्यावर ते वेडे आहेत असं ठरलं, आणि ते मत पुढे कायम राहिलं.

वडील आणि सर पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या हायस्कुलात एकत्र होते. वडील विज्ञान शिकवायचे, सर पी.टी.चे. उंच, काटक, गळ्यात शिट्टी. पोरांना रांगेत उभं करताना हातानं हवेत रेघ मारायचे. दोघांनी गावाबाहेरच्या माळावर शेजारी शेजारी जमीन घेतली आणि एकाच टेम्पोतून संत्र्याची रोपं आणून एकाच आठवड्यात लावली. विहिरी दोघांनीही खोदल्या. टिकणारं पाणी लागलं ते आमच्या बाजूला. सरांची विहीर संक्रांतीनंतर तळ दाखवायची. मग वडिलांनी पाइप टाकून दिला. त्याबद्दल कधी बोलणं झालेलं मला आठवत नाही. शेजारच्या घरात वाटीभर साखर जावी तसं ते पाणी जायचं.

आजार बरा होणारा नाही हे कळल्यावर वडिलांनी मृत्युपत्र केलं. घर आईला. बाग मला, पण मी पंचवीस वर्षांची होईपर्यंत ती सरांच्या ताब्यात राहील, सर विश्वस्त म्हणून ती सांभाळतील, तिच्या उत्पन्नातून घर चालेल आणि माझं शिक्षण होईल, अशी व्यवस्था. माझ्या चुलत्यांना हे फार लागलं. सर ख्रिस्ती, आम्ही मराठा. ओसरीवर बसून ते आईला म्हणाले, ‘‘आपल्यातलं कोन मिळालं न्हाई व्हय त्याला?’’ तिलाही तेव्हा तोच प्रश्न पडला असावा.

सरांनी नगरला जाऊन विश्वस्तांच्या कायद्याचं एक जुनं पुस्तक विकत आणलं. त्याला शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं खाकी कव्हर घातलं आणि रोज सकाळी व्यायाम झाला की ते वाचायला लागले. तोवर ते एक साधे, थोडे विक्षिप्त शिक्षक होते. पुस्तक वाचल्यावर त्यांचा विक्षिप्तपणा कायदेशीर झाला, असं आई पुढे हसून म्हणायची.

पाइप कापल्यानंतरची त्यातली पहिली गोष्ट माझ्या वाट्याला आली. मी तेव्हा सहावीत. त्यांच्या घरी गेले की ते मला ‘‘काय गं, जेवलीस का?’’ असं विचारायचे. पण बागेच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की मी ‘तुम्ही’ व्हायची. ‘‘या. बघून घ्या. तिसऱ्या ओळीतली दोन झाडं पिवळी पडलीत, त्यांचं काय करायचं ते मी ठरवलंय. ऐकून घ्या.’’ मला हसू यायचं. एकदा मी विचारलं, की इथे आल्यावर तुम्ही असं का बोलता. ते म्हणाले, ‘‘इथे मी तुमच्या कामावर आहे.’’

दिवाळीच्या सुट्टीत ते मला बांधावर बसवून वर्षभरात बागेत काय काय झालं ते सगळं सांगत. कुठली फवारणी केली, फळ कुणाला दिलं, त्यालाच का दिलं, गड्याला का बदललं. सांगून झालं की म्हणत, ‘‘आता विचारा.’’ मला काही विचारायचं नसायचं. पण मी विचारल्याशिवाय ते उठत नसत. विचारणं हा माझा हक्क होता आणि तो वापरायची मला सवय लागली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मग मी काहीतरी शोधून काढायची. अमुक झाड वाकडं का आहे, कुंपणाला घायपात का लावला. ते अगदी गंभीरपणे उत्तर देत. काही वर्षांनी मला खरोखरच प्रश्न पडायला लागले, हे मात्र खरं.

आमच्या बागेतलं संत्रं त्यांनी कधी खाल्लं नाही. गळून पडलेलंही नाही. भर उन्हाळ्यात बागेत काम करताना तहान लागली तर सायकलला अडकवलेल्या स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायचे. सावलीत मात्र बसायचे. आईनं एकदा चेष्टेनं विचारलं, की सावली कशी चालते. त्यावर ते विचार करून म्हणाले, ‘‘वहिनी, मी बसल्यानं ती कमी होत नाही.’’

एका वर्षी फळ चांगलं गेलं. माल घेणारा व्यापारी खूश होऊन गावात आला आणि त्यानं सरांचा सत्कार केला. टोपी, उपरणं, नारळ आणि मिठाईचा पुडा. सर तिथून थेट आमच्या घरी आले आणि त्यांनी ते सगळं माझ्यासमोर ठेवलं. माल तुमच्या बागेचा होता म्हणून व्यापारी आला, तेव्हा वस्तू तुमच्या, असं त्यांचं सरळ गणित. मिठाई आम्ही संपवली. टोपीचं काय करायचं हे कळेना. सातवीतल्या मुलीला गांधीटोपीचा काय उपयोग, असं आईनं म्हणून पाहिलं. ‘‘ते त्यांनी ठरवायचं,’’ असं माझ्याकडे हात करून म्हणत सर निघून गेले. शेवटी ती मी स्नेहसंमेलनात पुढाऱ्याचं काम करताना घातली, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या सरांनी समाधानानं मान हलवली.

ताप असला तरी ते बागेत यायचे. आई म्हणायची, गडी आहे ना, तो पाहील. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की गडी पाणी देईल, खुरपेल, पण बागेचा विचार त्याच्यावर टाकता येणार नाही. वडिलांनी विश्वास त्यांच्यावर टाकला होता, तो पुढे दुसऱ्याच्या अंगावर टाकायची सोय नव्हती. हे सगळं गावात चेष्टेनं सांगितलं जाई. आम्हीही सांगायचो. त्यात कुणाचं काही नुकसान नव्हतं.

नुकसान झालं ते मी नववीत असताना. आदल्या वर्षी पाऊस कमी होता. त्या वर्षी तो जवळजवळ झालाच नाही. जनावरं छावणीत गेली. प्यायचं पाणी टँकरनं यायला लागलं. सरांची विहीर दिवाळीआधीच कोरडी पडली. आमची विहीर खाली गेली, पण तिचे झरे टिकले. बांधाच्या अलीकडे आमची बाग आणि पलीकडे सरांची, एकाच टेम्पोतून आलेली. आमची हिरवी, आणि त्यांच्या झाडांची पानं वळायला लागलेली. रस्त्यावरून जाणारी माणसं सायकल थांबवून बघायची.

पाइप कापल्यापासून सर दर उन्हाळ्यात स्वतःच्या बागेला टँकरनं पाणी घालत आले होते, तसे त्यांनी आताही टँकर आणून पाहिले. पण मग टँकरवाल्यांनाच पाणी मिळेनासं झालं. त्यांचा मुलगा तेव्हा बारावी करून घरी होता. त्याला नोकरी नको होती. ती बाग त्यालाच पुढे बघायची होती. लांबच्या ओढ्यातल्या डबक्यातून तो बैलगाडीनं पिंपं भरून आणायचा आणि तांब्या-तांब्यानं झाडांच्या बुडाशी घालायचा.

एका सकाळी काकू, म्हणजे सरांची बायको, आमच्या अंगणात येऊन बसल्या. त्या कधी रडल्या नाहीत, तेव्हाही नाही. आईला म्हणाल्या, ‘‘वैनी, तुमीच सांगा त्यांला. माझं ऐकत न्हाईत. लेकरावानी वाढवलेली झाडं हाईत ती.’’

आई लगेच उठली. मीही मागोमाग गेले. सर विहिरीच्या काठावर उभे होते. आई म्हणाली, ‘‘सर, यांच्या वेळी पाणी जात होतंच की. पाइप जोडून घ्या. मी सांगते.’’

‘‘तुम्हाला सांगता येणार नाही, वहिनी. विहीर मुलीची आहे.’’

‘‘मग विकत घ्या. म्हणजे तर काही प्रश्न नाही?’’

‘‘विकणारा मी आणि घेणाराही मी. भाव कोण ठरवणार?’’

आईनं विचारलं की कायद्यात काहीच वाट नाही का. वाट होती. सर नगरला जाऊन वकिलाला भेटून आले होते. कोर्टाकडे अर्ज करून परवानगी मागता येते, असं वकिलानं सांगितलं होतं आणि मिळेलही म्हणाला होता. मग अर्ज का केला नाही, तर त्याचं कारण सरांनी आईला विहिरीत वाकून दाखवलं. रात्रभरात जेवढं पाणी साठायचं ते सकाळच्या पाळीत संपायचं. अर्धी बागसुद्धा रोज भिजत नव्हती.

‘‘कोर्ट मला विचारणार, पाणी दोघांना पुरतं का? पुरत नाही, वहिनी. निम्मं निम्मं केलं तर दोन्ही बागा जातील. मग एकच राहणार असेल तर कुठली, हे मला ठरवायला सांगितलंय. आणि कुणासाठी ठरवायचं तेही सांगितलंय.’’

आई तोंडाला पदर लावून परत फिरली. मी तिथेच उभी राहिले. मला एवढंच कळलं होतं, की विहीर माझी आहे. मी म्हणाले, ‘‘सर, मी सांगते ना. घ्या पाणी.’’

सर माझ्यासमोर वाकले, म्हणजे त्यांचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर आले. ‘‘तुमचं मन मोठं आहे. पण तुम्ही लहान आहात. तुमचं ‘हो’ मला धरता येत नाही.’’

‘‘मग मोठी झाल्यावर म्हणेन.’’

‘‘तेव्हा म्हणा,’’ ते म्हणाले आणि मोटार सुरू करायला गेले.

सरांची बाग उन्हाळ्यात वाळली. पुढच्या वर्षी फुटेल म्हणून मुलगा खोडं खरवडून बघत राहिला. आत कुठेच हिरवं नव्हतं. जूनच्या आधी सरांनी ट्रॅक्टर लावून झाडं उपटून काढली. मी शाळेतून येताना पाहिलं, सर बांधावर पाठीमागे हात बांधून ताठ उभे होते, आणि मुलगा उपटलेल्या झाडांकडे पाठ करून खाली बसला होता. त्यानंतर तो सुप्याला कारखान्यात लागला. तिथेच खोली घेतली. सणाला यायचा, आईशी बोलायचा, जेवून जायचा. वडिलांशी तो कित्येक वर्षं कामापुरतंसुद्धा बोलला नाही. काकू आमच्या घरी येत राहिल्या, नाताळाच्या करंज्याही पाठवत राहिल्या. पण आमच्या बागेत त्यांनी पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

सर बरोबर वागले का, यावर गावात दोन मतं होती आणि माझ्या एकटीच्या मनातही दोन मतं होती. त्या बागेवर मी नगरला राहून बी.फार्म. झाले. वसतिगृहात कुणी घरचं विचारलं की मी वडील नाहीत म्हणायची आणि सरांबद्दल सांगायला लागायची. पण पाण्याची गोष्ट सांगत नसे. ऐकणाऱ्याला ती थोरवीची वाटली असती, आणि मला ती सांगताना पाठ करून बसलेला तो मुलगा दिसायचा.

मला पंचविसावं पूर्ण झालं त्या दिवशी सर सकाळीच आले. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. तोवर मी पारनेरला मेडिकल सुरू केलं होतं. दुकान बंद ठेवायला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तलाठ्याकडचं, वकिलाकडचं काम आधी उरकलेलं होतं. उरलं होतं ते बाग हातात देणं. त्यांनी मला कुंपणाच्या कडेकडेनं पूर्ण फेरी मारायला लावली. विहीर, मोटार, ठिबकच्या नळ्या, औषधांची खोली. मग मधल्या एका मोकळ्या जागेपाशी थांबले. तिथली झाडं एका वर्षी त्यांच्या चुकीच्या फवारणीनं गेली होती. ‘‘ही चूक माझी. त्याची भरपाई मागायचा तुम्हाला हक्क आहे. सोडायची असेल तर सोडा, पण माहीत असून सोडा.’’

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. मग मीही सरळ उभी राहून सांगितलं, की सोडली.

मी म्हणाले, सर, माझं दुकान आहे, बाग तुम्हीच बघत राहा. ते नाही म्हणाले. वडिलांनी सोपवलेलं काम आज संपलं, आणि संपलेलं काम चालू ठेवलं तर ती मालकी वाटायला लागते, असं त्यांना वाटत होतं. किल्ल्या माझ्या हातात देऊन ते फाटकाबाहेर गेले, आणि बाहेर उभं राहून म्हणाले, ‘‘चल गं, काकूनं शिरा केलाय.’’

त्या वाटेवर मी त्यांना सांगितलं, की आता मी मोठी आहे, आता माझं ‘हो’ चालतं, उद्याच पाइप जोडून घेऊ.

ते थोडं चालले. ‘‘दे की. तुझं पाणी, तू दे,’’ म्हणाले. मग बांधापलीकडे बघून, ‘‘पण आता झाडं कुठे आहेत?’’

त्यांच्या जमिनीत तेव्हा वाटाणा आणि मूग होता, पावसावरचा. पाइप मी तरीही जोडला. ते वाटाण्याला कधीतरी एखादं पाणी घेत, आणि घेण्याआधी दुकानात फोन करून विचारत.

सरांच्या मुलाचं लग्न उशिरा झालं. त्याला एक मुलगी झाली. ती दोन वर्षांची झाली तरी बोलेना, कुणी हाक मारली तरी वळून बघेना. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की मुलगी मोठी होईल पण तिची समज लहान मुलासारखीच राहील. तिला आयुष्यभर कुणीतरी लागेल. त्या वर्षी मुलगा वडिलांशी पुन्हा बोलायला लागला. नात आली की सर तिला खांद्यावर घेऊन वाटाण्यातून हिंडायचे. तिला त्यांच्या शिट्टीचा आवाज आवडायचा. बाकी कुठल्याही आवाजाकडे न बघणारी ती शिट्टी वाजली की खुदकन हसायची.

मागच्या वर्षी एका रविवारी, चर्चमधून आल्यावर, सरांनी मला घरी बोलावलं. ते बरेच थकले होते. मुलगा शेजारी बसला होता. सरांनी सांगितलं, की ते मृत्युपत्र करताहेत. जमीन नातीच्या नावे. तिच्यासाठी ती सांभाळायला विश्वस्त हवा. सुप्याकडून कारखाने आमच्या माळापर्यंत सरकत आले होते. जमिनीवर दहाजणांचे डोळे होते, त्यात नातेवाईकही होते.

मला वाटलं, माझं नाव सरांनी सुचवलं असेल. पण मुलगाच बोलला. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘‘पप्पांनी नाही. मी सांगितलं त्यांना. तुला घ्या म्हणून.’’ मग, ‘‘उद्या मलाच अडचण आली आणि मीच तुझ्याकडं आलो, तरी मला द्यायचं नाही. तिचं ते तिचं. तुला हे शिकवावं लागणार नाही.’’

मी लगेच हो म्हणाले. सरांनी हात वर करून मला थांबवलं, पी.टी.च्या तासाला थांबवायचे तसं.

‘‘आज हो म्हणू नकोस. नाही म्हणायची मुभा आहे ती आत्ताच आहे. एकदा स्वीकारलं की मनात येईल तेव्हा खाली ठेवता येत नाही. तुझ्या वडिलांना मी आठ दिवस थांबवलं होतं. रागावला होता माझ्यावर. तूही घरी जा.’’ दम घेऊन ते पुढे म्हणाले, ‘‘आणि एक लक्षात घे. माझं काम सोपं होतं. तू मोठी होणार होतीस. तुला किल्ल्या देण्याचा दिवस येणार होता. हिचा तो दिवस यायचा नाही.’’

मी घरी आले. आठ दिवस दुकानात औषधं देताना माझ्या डोक्यात तेच होतं. माझं लग्न ठरत होतं. होणाऱ्या नवऱ्याच्या घरी काय म्हणतील हा प्रश्न होता, तो मी त्यालाच विचारला. तो म्हणाला, की वेळ द्यावा लागेल एवढं त्याला कळतंय, बाकीचं तो शिकेल. आईलाही विचारलं. ती म्हणाली, की त्या दुष्काळात ती रोज देवापुढे बसून सरांनी पाणी घ्यावं म्हणून मागायची, आणि त्यांनी घेतलं नाही म्हणून तिला झोप लागायची. दोन्ही खरं होतं.

पुढच्या रविवारी मी जाऊन हो म्हणाले. सरांनी एवढंच विचारलं, ‘‘विचार केलास?’’ मी केला म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले. त्यानंतर दोन-तीन महिन्यांत ते गेले. दफनाला शाळेचे जुने विद्यार्थी खूप आले होते, आणि कुणीही न सांगता ते रांगेत उभे राहिले.

सगळं आवरल्यावर एका दुपारी मी त्यांच्या घरी गेले. त्या शेताची विश्वस्त म्हणून माझी ती पहिलीच खेप. कुंपण कुठून घालायचं, यंदा पेरायचं काय, हे विचारायचं होतं. मुलगा सुप्याला गेलेला. नात काकूंच्या मांडीला टेकून, भिंतीवर हलणाऱ्या उन्हाकडे बघत बसली होती. काकूंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग पोरीचे केस मागे सारत खालच्या आवाजात म्हणाल्या, ‘‘एक सांगू का बाई? त्यांच्यावानी कडक ऱ्हाऊ नको. लई सोसलं आमी.’’

मी मान हलवली. नक्की कशाला, ते मलाच कळत नव्हतं.

पोरगी काकूंच्या बांगडीशी खेळायला लागली होती. तिच्याकडं बघत बघत त्या म्हणाल्या, ‘‘न्हाई. ऱ्हा.’’